पावणेबासष्ट इंच

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मीही लिहिणार. कारण सांगते.

आज आमच्या बाईंनी एक पोरगी माझ्या पदरात टाकली. बाई म्हणजे आमच्या घरसजावटीच्या ऑफिसच्या मालकीण. म्हणाल्या, "मावशी, ही इंटिरियर डिझाइनच्या कॉलेजातली, शेवटचं वर्ष. आठ आठवडे प्रत्यक्ष काम शिकायला आली आहे. मापं, कापड, पडदे, सगळं तुमच्या हाताखाली. दर शनिवारी तिच्या वहीत शेरा लिहून सही करायची."

"मी? अहो, मी सातवी पास. कॉलेजातल्या मुलीला मी शेरा देऊ?"

"चौतीस वर्षं पडदे करताय. तुम्ही नाही तर काय मी देऊ?"

पोरीला रोज काय शिकली ते लिहावं लागतं. एकीनं लिहायचं आणि दुसरीनं नुसत्या सह्या ठोकायच्या, हे काही मला बरं वाटेना. म्हणून नातवाची अर्धी कोरी वही घेतली. पहिल्या चार पानांवर त्याचे गुणाकार आहेत. त्यातले दोन चुकलेत, पण खाली 'छान' लिहिलंय!

पोरगी बारीक, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मी मनातल्या मनात तिचं नाव पेन्सिल ठेवून टाकलं. बोलते कमी, बघते फार. माझी मागची खोली तिनं डोळे भरून बघितली. एका पडलेल्या इमारतीच्या दाराचं माझं कापायचं टेबल, त्याच्यावरची कडीची खाच, आणि भिंतीवरची माझी पिवळी टेप. मेणकापडाची आहे. मला पहिलं काम देणाऱ्या शिंपीणबाईंनी हातात ठेवली होती, तेव्हापासून दुसरी वापरली नाही. रोज काम संपलं की खिळ्याला टांगते आणि खालच्या टोकाला मोठी लोखंडी कात्री अडकवते, म्हणजे वळत नाही, सरळ राहते. "वस्तूला जपलं की वस्तू जन्मभर साथ देते," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिनं ते लिहून घेतलं. लिहून घेतलं की बाई मला कसंतरीच होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेन्सिलनं कॉम्प्युटरवर खोली काढून दाखवली. खोली अगदी खरी वाटत होती. फक्त पडदा पुठ्ठ्यासारखा उभा. म्हटलं, "कापड असं पडत नाही गं. कापड दमतं, मग पडतं." तिला डोळे मिटायला लावून पाच कापडं हातात दिली, ओळख म्हटलं. तीन ओळखली. मला पहिल्या वर्षी दोनच आली होती. ते मी तिला सांगितलं नाही. इतक्या लवकर हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नसतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलच्या नर्सेसच्या वसतिगृहाचं काम मिळालंय. आज मापं घेतली. नऊ खोल्या, प्रत्येकीला दोन खिडक्या, एक मोठी एक लहान. तिथल्या मोठ्या सिस्टर जिन्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रात्रपाळीच्या मुली सकाळी आठला झोपतात. ऊन थेट तोंडावर. कुणी डोळ्यावर टॉवेल बांधतं, एक तर उशी कपाटामागे नेऊन झोपते. मला अंधार द्या मावशी. बाकी सजावट तुमची तुम्हाला लखलाभ."

म्हणून इथे माझे शिवलेले पडदे फक्त बसायच्या खोलीत. झोपायच्या खोल्यांना चौकटीच्या आत बसणारे, वर गुंडाळले जाणारे जाड रोलरचे पडदे. ते कारखान्यातून करून यायचे. आमच्या ऑफिसात हे पहिल्यांदाच. आजवर सगळं माझ्या टेबलावर झालंय. जरा धाकधूक आहे.

पेन्सिलनं तिच्या चकचकीत पोलादी टेपनं मापं घेतली, मी माझ्या. मोठ्या खिडकीची रुंदी तिची चौऱ्याऐंशी इंच, माझी त्र्याऐंशी. लहान खिडकी तिची चाळीस, माझी साडेएकोणचाळीस. अठरा खिडक्या आणि एकही जुळेना! मी लाल पेन काढलं आणि तिच्या कागदावरचे सगळे आकडे खोडून माझे लिहिले. ती म्हणाली, "मावशी, परत एकदा मोजू का?"

"चौतीस वर्षांत माझा एक पडदा आखूड झालेला नाही, बाळ. पोलादी टेप सुताराची. कापडाच्या कामाला कापडाची टेप."

संध्याकाळी वहीत शेरा लिहिला. 'मेहनती. स्वभाव चांगला. मापात कच्ची.' लाल पेनच हातात होतं. तिनं वाचलं आणि वही मिटून पिशवीत टाकली. डोळे भरल्यासारखे वाटले. वाईट वाटलं, पण लाडानं कुणी शिकत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेन्सिल जेवणाच्या सुट्टीत एकटीच वसतिगृहात जाऊन पुन्हा मोजून आली. पुन्हा तेच आकडे. वर मला म्हणते, "मावशी, गंमत बघा. लहान खिडकीत अर्ध्या इंचाचा फरक येतो, मोठीत बरोबर एक इंचाचा. दर खेपेला."

मी हसले. "म्हणजे चूकही तू शिस्तीत करतेस!"

ती पण हसली. मग हळूच, "तुमची टेप जरा बघू?"

नाही दिली. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तिनं मागितलं असतं तर मला दिलं असतंस तिला. टेप नाही." पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

पण मनात आलं, ही टेपला नावं ठेवू बघतेय. नाचता येईना, अंगण वाकडं. आमच्या वेळी असं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बसायच्या खोलीचे माझे पडदे लागले. दांडीपासून जमिनीपर्यंत. केस जेमतेम जाईल इतकीच फट खाली. मोठ्या सिस्टरनी कौतुक केलं. मी पेन्सिलकडे बघितलं. म्हटलं नाही काही, पण बघितलं.

ती शिडीच्या पायथ्याशी किती तरी वेळ त्या पडद्याकडे बघत बसली. स्वतःच्या टेपनं उंची मोजली, वहीत काही तरी भागाकार केला. मग विचारलं, "मावशी, कापड कापतानाही तुम्ही हीच टेप घेता?"

"मग काय सुतळी घेऊ?"

"आणि मोजतानाही हीच."

"अगं हो! किती वेळा सांगू?"

"नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला वाटलं, चला, पोरीला माझं पटलं एकदाचं. "मावशी, तुमची टेप ना..." असं काही म्हणायला लागली, तेवढ्यात मीच म्हटलं, "टेपचं नाव काढायचं नाही." ती वही मिटून शिडी आवरायला लागली.

शेऱ्यात लिहिलं, 'मापात अजून कच्ची.'

जाताना बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, तिच्या कॉलेजच्या प्राध्यापिका अठ्ठावीस तारखेला येणार. मापं, आराखडा आणि साहित्याची ओळख, तिन्हींत चांगला शेरा लागतो. एकात जरी नसला तरी आठही आठवडे पुढच्या वर्षी पुन्हा करायचे, आणि तोवर पदवी अडकते. माझ्या दोन ओळींवर पोरीचं वर्ष! आणि खोटं तरी कसं लिहू? मीठ, साखर, दूध असं काहीही अंदाजे घातलं तरी चालतं, माप नाही चालत.

चहा कडू लागला आज.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्याला मापं पाठवली. माझी, लाल पेनाची. पाठवायचं काम पेन्सिलकडे दिलं. तिनं कागद किती वेळ हातात धरून ठेवला. "मावशी, सगळे अठरा एकदम करायला सांगायचे?"

"मग काय हप्त्याहप्त्यानं? नर्सबाया वाट बघताहेत."

"बरं," म्हणाली आणि फोनवर बोलायला बाहेर गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कारखाना म्हणजे शुद्ध आळशी! अठरा पडद्यांऐवजी दोनच पाठवले, एका खोलीचे. बाकीचे 'नमुना बसला की करू' म्हणे. नमुना कुणी मागितला होता? मी फोनवर चांगलं सुनावलं. पलीकडचा माणूस बिचारा "ताई, निरोप होता तसा" एवढंच म्हणत राहिला. कुणाचा निरोप, कुणास ठाऊक. पेन्सिल तेव्हा कपाटातले धाग्यांचे रीळ लावत होती. तिनं ते तीनदा लावले.

उद्या दोन्ही बसवायचे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार



पडदे बसवले. चौकटीला घासू नये म्हणून कारखाना दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडतो, तेवढी दिसायला हवी होती. पण मोठ्या खिडकीत दोन्ही बाजूंना बोटभर फट. उन्हाच्या दोन पट्ट्या सरळ पलंगावर. एक नर्स रात्रपाळी करून आली होती, झोपायला म्हणून बिचारी थांबली होती. ती पलंगावर बसली, पट्टी बरोबर तिच्या गालावर.  नुसती सरकून बसली, पट्टी तिच्या मागोमाग.

मी तिथूनच कारखान्याला फोन लावला. "कमी कापलेत!"

"ताई, तुमच्या कागदावर लाल शाईत त्र्याऐंशी लिहिलंय. मी त्र्याऐंशीच्या चौकटीचा पडदा दिलाय. हवं तर मोजा."

परत आलो. बाई बाहेर गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच.  पेन्सिलनं चहा करून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि अगदी शाळकरी मुलीसारखं विचारलं, "मावशी, मला एक गोष्ट शिकवाल? टेप जुनी झाली हे कसं ओळखायचं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती.

मी उठले. टेप खिळ्यावरून काढली, कात्री सोडवली. दाराच्या टेबलावर तिची पोलादी टेप पसरली, शेजारी माझी. शून्याला शून्य लावलं. दहाजवळ अगदी थोडं पुढेमागे. तीस इंचावर नीट दिसू लागलं. माझी साठ इंचाची शेवटची रेघ तिच्या पावणेएकसष्टवर गेली.

पाऊण इंच. रोज रात्री लोखंडी कात्री लटकवून मीच ताणली होती तिला. जपून जपून.

"म्हणजे गं," मी म्हटलं, "म्हणजे माझे आजवरचे सगळे पडदे..."

"एकही चुकला नाही!" ती पटकन म्हणाली. "तुम्ही मोजलंत याच टेपनं आणि कापलंतही याच टेपनं. दोन्हीकडे चूक सारखी, म्हणून पडदा बरोबर. फक्त आकडा कुणा दुसऱ्याला सांगायचा नाही. तेवढंच."

तेवढंच! आणि मी तिच्या अठरा खऱ्या आकड्यांवर लाल काट मारली होती. अंगण खरंच वाकडं होतं. ते माझं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रात्री डोळा लागला नाही, पण सकाळी डोकं चालू झालं. आधी भलतीकडेच चाललं. तेही लिहिते, कारण वही माझी आहे. वाटलं, तिच्या वहीतली पानं क्रमांकाची आहेत, फाडता येणार नाहीत. पण गेल्या शनिवारी मी रजेवर होते, तो शेरा राहिलाय; तिथे 'मापात खूप सुधारणा' असं लिहिलं की झालं. प्राध्यापिकाबाई खूश, पोरगी पास, माझी इज्जत जागच्या जागी. साप मरेल, काठीही मोडणार नाही.

यांना सांगितलं. हे दाढी करत होते. म्हणाले, "सुधारणा कुणात झाली? तिच्यात की टेपमध्ये?"

एवढं बोलून पुढे दाढी. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला, पण माणसाला नेमकं कुठे टोचायचं हे यांना बरोबर कळतं.

ऑफिसला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या नोकरीविषयी काही म्हणतील, म्हातारी झालात म्हणतील, अशी भीती होती. त्यांनी माझी टेप हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "दोनच पडदे आलेत ना? बाकी सोळा बरोबर मापानं मागवू. देवानंच दोनवर थांबवलं म्हणायचं."

पेन्सिल पुन्हा धाग्यांचे रीळ लावत होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्या दोन पडद्यांचं काय करायचं? फेकवेना. पेन्सिल म्हणाली, "चौकटीच्या दोन्ही कडांना आतून कापडाच्या उभ्या पट्ट्या लावल्या तर? पडदा त्यांच्या मागे वरखाली होईल. फट उरणारच नाही." तिनं कागदावर काढलं. यावेळी तिचं कापड पुठ्ठ्यासारखं नव्हतं, दमून पडलेलं होतं.

मी काळ्या अस्तराच्या तीन बोटं रुंद पट्ट्या शिवल्या, चिकटपट्टीनं बसवल्या. माप तिनं घेतलं, मी नुसतं विचारलं आणि कापलं. "किती?" "सव्वादोन इंच." "नक्की?" "मावशी!" "बरं बाई, बरं."

दार लावून पडदा सोडला तर स्वतःचा हात दिसेना. अंधारात दोघी उभ्या, आणि मला कोण जाणे हसूच फुटलं. मग तीही हसली. मोठ्या सिस्टर बाहेरून, "काय झालं? काय झालं?"

"काही नाही सिस्टर, काही दिसत नाही म्हणून हसतोय!"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राध्यापिकाबाई आल्या. करड्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेला, वही उघडली की ओठ आवळणाऱ्या. दोन्ही शनिवारचे शेरे वाचले. पेन्सिलचा चेहरा पांढरा.

"मापात कच्ची. मापात अजून कच्ची. हे तुमचंच अक्षर?"

"माझंच. त्याखाली अजून थोडं लिहायचंय. परवानगी असेल तर आत्ता तुमच्यासमोर लिहिते."

निळं पेन मागून घेतलं. लिहिलं, 'वरचे दोन्ही शेरे चुकीचे आहेत. माझी टेप ताणलेली होती. या मुलीची अठराच्या अठरा मापं बरोबर होती. फरक तिनं शोधला. माझ्याकडून मापात कच्ची मी होते.' शेवटचं वाक्य व्याकरणात बसत नाही बहुतेक. बसू दे नाहीतर न बसू दे. खाली सही केली.

मग टेप टेबलावर पसरून दाखवली. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा लावला, दोन्ही टेपा बोटानं शेवटपर्यंत चाचपल्या. पेन्सिलला विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"पंधरा तारखेला. पडदा बघून."

"मग सांगितलं का नाहीस?"

पेन्सिलनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "सांगू पाहत होती. मी ऐकून घेतलं नाही. टेपचं नाव काढायचं नाही म्हटलं."

प्राध्यापिकाबाईंनी वही मिटली. "तुमच्याकडे दरवर्षी एक विद्यार्थिनी पाठवली तर चालेल का?" मला वाटलं, टोमणा आहे. नव्हता.

८ मार्च, शनिवार

सोळा पडदे आले, बसले. शेरा: 'मापात पक्की. कापड ओळखते, पाचपैकी पाच.' आता सांगून टाकलं की मला पहिल्या वर्षी दोनच आली होती. तिनं हेही लिहून घेतलं! "हे कशाला?" "मावशी, हेच तर लिहायचं असतं."

१९ मार्च, बुधवार

नवीन काही नाही. तिला शिवणीत कड दुमडायला शिकवली, तिनं मला कॉम्प्युटरवर खोली फिरवायला. मी खोली उलटी केली, छत खाली. ती म्हणाली, "राहू द्या, पंखा झाडायला सोपा."

२९ मार्च, शनिवार

शेवटचा दिवस.

सकाळी वसतिगृहात जाऊन आलो. ती उन्हाच्या पट्टीवाली नर्स जिन्यात भेटली. म्हणाली, "मावशी, काल सकाळी आठला झोपले ती दुपारी तीनला उठले. उठल्यावर कळेना कुठे आहे!" तिनं माझा हात धरला. मी तो धरून पेन्सिलच्या हातात दिला. काम तिचं होतं.

दुपारी शेवटची सही करायची म्हणून तिची वही पहिल्यापासून चाळली. सतरा तारखेच्या पानावर एक ओळ होती, याआधी कधी वाचलीच नव्हती: 'कारखान्याला फोन. आधी एकाच खोलीचे पडदे पाठवायची विनंती, नमुना म्हणून. मावशींना विचारलं नाही. चूक झाली तर जबाबदारी माझी.'

 सोळा पडदे, बाईंची मोठी ऑर्डर आणि माझी चौतीस वर्षं. देवानं नव्हे, या पोरीनं दोनवर थांबवलं होतं. आणि मी त्या कारखान्याच्या माणसाला काय काय बोलले होते! सोमवारी त्याला फोन करून माफी मागायची. लिहून ठेवते, म्हणजे विसरायची नाही.

"हे मला का नाही सांगितलंस गं, पेन्सिल?"

तोंडून नाव निसटलं. ती हसायला लागली. "तुम्ही मला पेन्सिल म्हणता, हे मला दुसऱ्या दिवसापासून माहितीय. नातवाला फोनवर सांगत होतात."

तिच्यासाठी कामाचा एप्रन शिवायचा ठरवला होता, खिसा मोठा, पेन्सिलींसाठी. माप घ्यायला तिला दारापाशी उभं केलं. सवयीनं हात खिळ्याकडे गेला. जुनी टेप अजून तिथेच असते. कात्री आता टेबलावर झोपते. म्हटलं, घेऊ या दोन्हींनी.

जुन्या टेपनं ती साठ आणि वर एक, एकसष्ट इंच भरली. तिनं दिलेल्या नव्या पोलादी टेपनं पावणेबासष्ट.

मी निळ्या पेनानं वहीत पावणेबासष्ट लिहिलं.